जोडाची पारख : आग्र्याची पच्चीकारी आणि एका दिवसाची खरेदी

पांढऱ्या संगमरवराच्या पाटीत फुलापानांचे आकार कोरायचे, त्या खळग्यांत रंगीत दगडाचे नेमके त्याच आकाराचे पातळ तुकडे बसवायचे आणि मग सारा पृष्ठभाग असा घासून काढायचा की डोळे मिटून बोट फिरवले असता पाकळी कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे कळू नये, या कामाला पच्चीकारी म्हणतात. दागिन्यातील नग उठून दिसावा म्हणून तो कोंदणाच्या वर ठेवला जातो, तर पच्चीकारीतील दगडाने जमिनीशी, म्हणजे ज्या मूळ दगडावर नक्षी उमटते त्याच्याशी, तंतोतंत समपातळीत राहावे अशी अपेक्षा असते. सतराव्या शतकात मोगल दरबाराच्या आश्रयाने ही कला आग्र्यात पूर्णत्वाला पोचली आणि आज त्याच शहरातील गल्लीबोळांत ती मुख्यतः ताजमहाल पाहायला येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जोरावर टिकून आहे. हे गिऱ्हाईक बहुधा सकाळी दिल्लीहून येते, संध्याकाळी परत जाते किंवा मथुरा-वृंदावनाच्या वाटेला लागते, आणि खरेदीसाठी त्याच्या हाती दुपारचे दोन-तीन तास उरतात.

अशा घाईच्या खरेदीत दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही बोलतात ते दगडाबद्दल : हा अस्सल आहे का, कोठून आणला, उजेड आरपार जातो का. वास्तविक, काही मिलिमीटर जाडीच्या, नखाएवढ्या अकीकाच्या पाकळीत दगडाची किंमत अल्पच असते. तिथे खर्ची पडलेला असतो तो वेळ, आणि हा वेळ डोळ्यांना दिसण्याची जागा एकच, ती म्हणजे दोन दगडांमधील जोड. जोड वाचता येऊ लागला की एका दिवसाच्या मुक्कामातही समाधानाची खरेदी होऊ शकते. तो वाचण्याचा सराव करण्यासाठी लागणारे उत्तमोत्तम नमुनेही त्याच शहरात, थोड्याथोडक्या अंतरावर उभे आहेत, ही आग्र्याची मोठीच सोय म्हणावी लागेल.

या नमुन्यांचा क्रमही उद्बोधक आहे. सिकंदरा येथील अकबराची कबर १६१३ मध्ये पुरी झाली आणि तिच्या भव्य दरवाजावर तांबड्या वालुकाश्मात पांढरा संगमरवर व इतर रंगीत दगड बसवून नक्षी केलेली आहे. परंतु तेथील तुकडे मोठे आहेत आणि भौमितिक नक्षीतील त्यांच्या कडा सरळ असल्याने जोड साधणे तुलनेने सोपे आहे. यमुनेच्या पलीकडच्या तीरावरील इतिमाद-उद-दौलाची कबर नूरजहानने आपला पिता मिर्झा गियास बेग याच्यासाठी १६२२ ते १६२८ या काळात उभारली. तिच्या संगमरवरी भिंतींवर भौमितिक नक्षीबरोबरच सुरूची झाडे, सुरया, फळे आणि फुलदाण्या अवतरतात आणि कडा वळणे घेऊ लागतात. ताजमहालाचे काम १६३२ मध्ये, मुमताज महलच्या बऱ्हाणपूर येथील मृत्यूनंतरच्या वर्षी, सुरू झाले. तेथे बाह्य कमानींच्या खांद्यांवरील वेलबुट्टीपासून आतील प्रतीकात्मक कबरींपर्यंत (खऱ्या कबरी खालच्या दालनात आहेत) पच्चीकारीने जे सूक्ष्म रूप घेतले, त्याच्या पुढे ती आजवर गेलेली नाही. मात्र ताजमध्ये हाताशी येणाऱ्या भिंतींच्या खालच्या पट्ट्यावरील मोठी फुलझाडे ही पच्चीकारी नसून संगमरवरातच उठावात कोरलेली आहेत, रंगीत दगड केवळ त्यांच्या चौकटीत आहेत; आणि सर्वांत नाजूक काम आहे ते कबरींवर व त्यांच्याभोवतीच्या अष्टकोनी जाळीच्या चौकटीवर, जिथे उजेड मंद आणि गर्दी दाट असते. म्हणून शिकण्यासाठी इतिमाद-उद-दौला अधिक सोयीचे ठिकाण आहे. तेथे भरपूर उजेडात, डोळ्यांच्या उंचीवर आणि निवांतपणे जोड पाहता येतो, शिवाय काही ठिकाणचे दगड निखळून गेल्यामुळे त्यांची रिकामी ‘घरे’, म्हणजे दगड बसवण्यासाठी कोरलेले खळगे, उघडी पडलेली दिसतात. शाबूत कामापेक्षा हे उघडे पडलेले घर जास्त शिकवते : ते किती उथळ आहे, त्याची कड किती उभी व धारदार आहे आणि तळ मुद्दाम कसा खडबडीत ठेवला आहे, हे एकदा पाहिले की कारागिराने हाताला काय वळण लावलेले असते याचा अंदाज येतो.

आग्र्याच्या पच्चीकारीचा विषय निघाला की इटलीतील फ्लॉरेन्स शहराचे नाव येणे अपरिहार्य असते. तेथे मेदिची घराण्यातील पहिल्या फर्दिनांदोने १५८८ मध्ये कठीण दगडांच्या कामासाठी दरबारी कर्मशाळा स्थापन केली आणि ती संस्था आज जीर्णोद्धाराचे केंद्र म्हणून कार्यरत आहे. फ्लॉरेन्सच्या विशेष पद्धतीत दगडांचे पातळ काप चित्राबरहुकूम कापून, कडेला कड भिडवून, मागे पाटीच्या दगडाचा आधार देऊन चिकटवले जातात, म्हणजे बहुतेक वेळा जमीन अशी वेगळी राहतच नाही, सारे चित्रच दगडी तुकड्यांचे असते. आग्र्यात मात्र पांढरी जमीन हा रचनेचा प्राण आहे आणि रंगीत दगड तिच्यात उतरवलेला असतो. फ्लॉरेन्सचे काम मोगल दरबाराला माहीत होते याचा पुरावा दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-ए-आममध्ये सिंहासनामागच्या भिंतीत आहे. तेथे बसवलेल्या फ्लॉरेन्स-बनावटीच्या काळ्या पाट्यांपैकी एकीवर वाद्य वाजवून पशूंना मोहून टाकणारा ग्रीक पुराणातला ऑर्फियस आहे. १८५७ नंतर यांतील काही पाट्या इंग्लंडला गेल्या आणि लॉर्ड कर्झनच्या काळात परत आल्या. कला तिकडून इकडे आली की इकडे स्वतंत्रपणे वाढली हा वाद इतिहासकारांनी भरपूर घातला आहे. खरेदीदाराच्या दृष्टीने एवढे पुरे की दोन्ही परंपरांत गुणवत्तेची कसोटी सारखीच आहे आणि ती जोडाची आहे.

हा जोड कसा जन्माला येतो हे समजण्यासाठी कामाचा क्रम माहीत असावा लागतो. प्रथम नक्षी कागदावर उतरवली जाते. संगमरवराच्या घासलेल्या पाटीवर गेरूसारख्या धुऊन निघणाऱ्या रंगाचा हात दिला जातो, कारण पांढऱ्यावर बारीक ओरखडा दिसत नाही, पण तांबड्या थराखालून निघालेली पांढरी रेघ लगेच उठून दिसते. दुसरीकडे रंगीत दगडांचे पातळ काप काढलेले असतात आणि प्रत्येक पाकळी, पान, देठाचा तुकडा सहाणेच्या चाकावर घासून आकाराला आणला जातो. हे चाक कुरुंदासारख्या अतिकठीण भुकटीचे असते. जुन्या पद्धतीत कारागीर एका हाताने दोरीची कमान ओढून ते फिरवतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटांच्या चिमटीत दगडाचा तुकडा धरून त्याला कड देतो. अशा वेळी बोटांची अग्रेही दगडाबरोबर झिजतात. आता मोटारीवर चालणारी चाकेही आली आहेत, परंतु चिमटीला पर्याय अजून सापडलेला नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि दुकानातील प्रात्यक्षिकात हटकून घाईने उरकला जाणारा आहे. घर आधी खोदून त्यात दगड बसवला जात नाही. तयार झालेला दगडाचा तुकडा तांबड्या पाटीवर त्याच्या जागी ठेवून त्याच्याभोवती टोकदार सळईने रेघ मारली जाते आणि त्या रेघेच्या आत बारीक टाकीने एक-दोन मिलिमीटर खोलीचे घर कोरले जाते. म्हणजे प्रत्येक घर एका विशिष्ट तुकड्याचे असते आणि शेजारची पाकळी, मापाने तेवढीच असली तरी, त्यात बसेलच असे नाही. टाकी रेघेच्या बाहेर केसभर सरकली तर फट राहते, आणि फट एकदा राहिली की ती बुजवता येते पण नाहीशी करता येत नाही. तुकडे बसवण्यासाठी पूर्वी प्रत्येक घराण्याचा स्वतःचा डिंक-मिश्रणाचा पाठ असे. आज बाजारात मिळणारा इपॉक्सी गोंद बहुतेक ठिकाणी वापरला जातो, आणि त्यात फसवणूक मानण्याचे कारण नाही. शेवटी क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या भुकटीने सारा पृष्ठभाग घासून झिलई दिली जाते. ही सर्व कामे एकाच माणसाने केलेली क्वचितच असतात. दगड घासणारा, घर कोरणारा आणि झिलई देणारा असे वेगवेगळे हात एका थाळीमागे असतात आणि त्यांतील पुष्कळ काम मोठ्या दुकानांत होत नाही, तर गोकुळपुरा, ताजगंज यांसारख्या वस्त्यांतील घरांत आणि लहान कारखान्यांत होते. चाकावर अकीक घासताना उडणारी धूळ ही सिलिकाची धूळ आहे आणि ती वर्षानुवर्षे श्वासात गेली की फुप्फुसांना सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. खंभातच्या अकीक-कामगारांत तो सुप्रसिद्ध आहे. थाळीची किंमत निम्म्यावर आणल्याचा आनंद मानणाऱ्याने एवढी गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

रंगीत दगडांत मानाचे स्थान तांबड्या अकीकाला आहे. अकीक हा सूक्ष्मस्फटिकी सिलिकेचा प्रकार असून त्याची कठिणता सातच्या आसपास असते. (खनिजांची कठिणता मोजण्याची मोह्‌स मापनश्रेणी एक ते दहा अशी आहे, तीत संगजिरे एकवर, माणसाचे नख सुमारे अडीचवर, संगमरवर तीनवर आणि हिरा दहावर येतो.) भारतातील अकीकाचे जुने उगमस्थान म्हणजे गुजरातेतील भडोच जिल्ह्यातील रतनपूरचा परिसर, आणि तेथील अकीक मूळचा दख्खनच्या पठाराच्या बेसाल्ट खडकातला आहे. ज्या लाव्हारसाने सह्याद्री घडला त्याच्याच थरांतील पोकळ्यांत सिलिका साचून हे दगड तयार झाले आणि खडक झिजल्यावर ते मोकळे होऊन गाळात गोळा झाले. त्या अर्थी आग्र्याच्या फुलांचा लाल रंग दख्खनचा आहे असे म्हणता येईल. अकीक उष्णता देऊन अधिक लाल केला जातो, कारण त्यातील लोहाचे रूप तापवल्याने बदलते. ही प्रथा प्राचीन आहे आणि तिला नकली म्हणणे योग्य नाही. निळ्यासाठी लाजवर्द वापरतात, ज्याच्या खाणी अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात हजारो वर्षे चालू आहेत. गडद-फिकट हिरव्या पट्ट्यांसाठी मॅलाकाइट हे तांब्याचे खनिज, आकाशी रंगासाठी पिरोजा आणि चमकत्या पांढऱ्या-निळसर छटेसाठी शिंपला हे नेहमीचे पदार्थ. लाजवर्द पाच-साडेपाच, मॅलाकाइट साडेतीन-चार आणि शिंपला साधारण तितकाच कठीण असल्यामुळे एकाच फुलात वेगवेगळ्या वेगाने घासले जाणारे दगड शेजारी शेजारी येतात. अकीक मागे राहतो, शिंपला लवकर झिजतो आणि झिलई देणारा हात कच्चा असेल तर मऊ दगड खाली बसलेले व कठीण दगड किंचित उचललेले राहतात.

नकली दगड कशाचे असतात तेही येथेच नोंदवावे. पिरोजाच्या जागी रंगवलेला पांढरा हाउलाइट किंवा प्लास्टिक, मॅलाकाइटच्या जागी त्याची भुकटी राळेत घोळवून केलेल्या एकसुरी पट्ट्यांच्या वड्या, अकीकाच्या जागी रंगीत काच असे प्रकार सर्रास आढळतात. नैसर्गिक दगडात रंग एकसारखा नसतो आणि चांगला कारागीर या उणिवेचाच उपयोग करतो : पाकळीचा देठाकडचा भाग गडद आणि टोक फिके यावे म्हणून तो दगडाचा काप कोणत्या दिशेने घ्यायचा हे ठरवतो. एका फुलाच्या सर्व पाकळ्या हुबेहूब एकाच छटेच्या असतील तर दगड कृत्रिम असावा, किंवा कारागिराने निवड करण्याचे कष्ट घेतलेले नसावेत. दोन्ही बाबतींत किंमत उतरायला हवी.

जमिनीच्या दगडाविषयी अधिक सावध राहावे लागते. ताजसाठी वापरलेला आणि आजही प्रतिष्ठेचा मानला जाणारा संगमरवर राजस्थानातील मकराण्याचा. बाजारात मात्र त्याच्याच शेजारी संगजिऱ्याचा मऊ दगड, जिप्समचा अर्धपारदर्शक अलाबास्टर आणि संगमरवराची पूड राळेत मिसळून साच्यात ओतलेला कृत्रिम दगडही ‘मार्बल’ या एकाच नावाने विकला जातो. संगजिरे व अलाबास्टर यांची कठिणता नखापेक्षा कमी असल्याने वस्तूच्या तळाशी, न घासलेल्या भागावर नखाने जोरात ओढले तर ओरखडा किंवा पांढरी भुकटी निघते. संगमरवरावर काहीच होत नाही. ही परीक्षा साधी, फुकटची आणि वस्तूला इजा न करणारी आहे. वजनाची परीक्षा मात्र फसवी आहे, कारण संगजिऱ्याची घनता संगमरवराइतकीच असते. हातात घेऊन तोलल्याने फार तर राळेचा हलका दगड ओळखता येईल.

पण दुकानात जी परीक्षा सर्वांत थाटाने करून दाखवली जाते ती विजेरीची. दिवे मालवून थाळीखाली विजेरी लावली जाते, तांबडी पाकळी निखाऱ्यासारखी उजळते, पाहणारे थक्क होतात आणि दिवे पुन्हा लागेपर्यंत सौदा अर्धा झालेला असतो. या प्रयोगातून अकीकातून व पातळ संगमरवरातून उजेड जातो एवढेच सिद्ध होते. तो रंगीत काचेतूनही जातो आणि अलाबास्टरमधून तर संगमरवरापेक्षाही चांगला जातो. म्हणजे ज्या फसवणुकीविरुद्ध गिऱ्हाइकाला संरक्षण हवे तिच्यावर हा प्रयोग पांघरूणच घालतो. दाराशी चाक फिरवत बसवलेला वयस्क कारागीर आणि ‘ताज बांधणाऱ्यांची अमुक पिढी’ हे शब्द यांचीही गत तीच. आग्र्यात पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी कुटुंबे आहेत, यात शंका नाही. परंतु दाराशी बसलेल्या माणसाने आतल्या कपाटातील थाळी केली असेल असे त्यावरून सिद्ध होत नाही.

म्हणून दिवे लावून घ्यावेत, किंबहुना वस्तू उचलून दारापाशी उन्हात आणावी. जो दुकानदार याला हरकत घेतो त्याच्याकडे पुढे वेळ घालवू नये. उन्हात थाळी तिरपी धरली असता पृष्ठभागावरून परावर्तित होणारी प्रकाशाची पट्टी नक्षीवरून सरकवत न्यावी. काम चांगले असेल तर ती न मोडता सरकते आणि समपातळी बिघडलेली असेल तर प्रत्येक पाकळीच्या कडेशी ती थरथरते. मग नखाची कड जोडावरून आडवी ओढावी. ते अडकता कामा नये. त्यानंतर डोळा जवळ नेऊन पाकळीच्या भोवती रेघ आहे का ते पाहावे. तिथे काळपट, पिवळट किंवा दुधी रंगाची समान जाडीची किनार दिसत असेल तर घर मोठे कोरले जाऊन उरलेली फट गोंद व पुडीने भरलेली आहे. विशेषतः पाकळीचे टोक पाहावे, कारण अणकुचीदार टोकापर्यंत टाकी नेणे अवघड असते आणि आळशी हात ते टोक गोल करून भरण टाकतो. शेवटी देठ. देठ म्हणजे दीड-दोन मिलिमीटर रुंदीची, वळत जाणारी आणि टोकाकडे निमुळती होणारी दगडाची रेघ. ती अनेक तुकड्यांची असते आणि वळणावर तुकडे जुळवणे ही पच्चीकारीतील सर्वांत जिकिरीची गोष्ट आहे. स्वस्त कामात देठ रंगीत राळेने ओतलेला असतो किंवा मधेच जाड, मधेच बारीक होतो. ठळक, मोठ्या फुलाने डोळे दिपले तरी थाळीची लायकी देठच सांगतो, आणि म्हणूनच ज्या वस्तूंवर देठ जवळपास नसतातच, नुसती शिंपल्याची मोठमोठी फुले चिकटवल्यासारखी दिसतात, त्या घाऊक उत्पादनाच्या समजाव्यात.

किंमत ठरते ती याच गोष्टींवरून. एकाच व्यासाच्या आणि एकाच दगडाच्या दोन थाळ्यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असू शकतो आणि तो न्याय्यही असू शकतो, कारण एकीत पंचवीस तुकडे असतील आणि दुसरीत चारशे. म्हणून ‘केवढ्याला?’ या प्रश्नाच्या आधी ‘एका फुलात तुकडे किती?’ आणि ‘काम किती दिवसांचे?’ हे प्रश्न विचारावेत. उत्तर अचूक मिळाले नाही तरी ते कसे दिले जाते त्यावरून विक्रेत्याला स्वतःच्या मालाची कितपत जाण आहे ते उमगते. मोठी, ढोबळ वस्तू आणि लहान, बारीक वस्तू यांत निवड करायची झाल्यास बांधलेल्या रकमेत लहान वस्तू घेणे शहाणपणाचे, कारण कला तुकड्याच्या आकारात नसून त्याच्या बसण्यात आहे.

दिवसाची आखणीही यास अनुसरून करावी. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तेव्हा तो वार टाळावा. सकाळी ताज, नंतर नदी ओलांडून इतिमाद-उद-दौला आणि मग बाजार हा क्रम उलट्या क्रमापेक्षा चांगला, कारण उत्तम जोड डोळ्यांत ताजा असताना मध्यम जोड आपोआप खटकतो. स्थानकावर आणि ताजच्या दरवाजांपाशी जे दलाल भेटतात त्यांना आग्र्यात ‘लपके’ म्हणतात. गिऱ्हाईक दुकानात आणून सोडल्याबद्दल त्यांना, आणि अनेकदा वाहनचालकाला व मार्गदर्शकालाही, विक्रीतील हिस्सा मिळतो व तो अर्थातच किमतीत मिळवलेला असतो. याचा राग धरण्यात अर्थ नाही, तो तेथील बाजाराचा रिवाज आहे. मात्र ज्या दुकानात कोणाच्या सोबतीने गेल्यावर किंमत एक आणि एकट्याने गेल्यावर दुसरी असते, तिथे एकट्याने जावे एवढे गणित प्रवाशाला जमले पाहिजे. भावाचा अंदाज घेण्यासाठी ताजच्या पूर्व दरवाजाच्या बाजूचे शिल्पग्राम उपयोगी पडते. तेथे साधारणपणे फेब्रुवारीच्या सुमारास ताज महोत्सव भरतो आणि कारागीर स्वतः माल घेऊन बसलेले भेटू शकतात. मुक्काम रात्रीचा असेल तर गोकुळपुऱ्यात फेरी मारून काम प्रत्यक्ष चाललेले पाहावे. खरेदी झाली नाही तरी घर कोरणाऱ्या हातांचा वेग पाहिल्यावर किमतीविषयीचा संशय पुष्कळसा मावळतो. दिल्लीत परत जाणाऱ्यांना जनपथावरील सरकारी कॉटेज एम्पोरियममध्ये ठरीव भावाचा माल तुलनेसाठी पाहता येतो.

वस्तू पसंत पडल्यावर वजनाचा हिशोब करावा लागतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात फार उशिरा येतो. संगमरवराची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम आहे. त्यानुसार १५ सेंमी व्यासाची, १ सेंमी जाडीची थाळी जवळजवळ अर्धा किलो, ३० सेंमी व्यासाची, दीड सेंमी जाडीची थाळी सुमारे २.९ किलो आणि ६० सेंमी व्यासाचे, २ सेंमी जाडीचे मेजाचे पृष्ठ १५ किलोंच्या वर भरते. म्हणजे देशांतर्गत विमानप्रवासात सामान्यतः मिळणारी सामानाची मर्यादा एकट्या मेजाने संपते. लहान थाळी हातसामानात, कपड्यांच्या घड्यांत उभी ठेवून न्यावी, कारण आडव्या ठेवलेल्या पातळ दगडावर मध्यभागी भार आला की तो तडकतो. मोठी वस्तू दुकानाने घरपोच पाठवायची असेल तर नक्षीचे जवळून, कडेचे व तळाचे फोटो काढून घ्यावेत, तळाशी पुसता न येणारी खूण किंवा सही करावी, आणि पक्क्या बिलावर जमिनीच्या दगडाचे नाव, माप व वाहतुकीचा विमा लिहून घ्यावा. ‘मार्बल’ एवढाच शब्द बिलावर चालवून घेऊ नये. ‘मकराणा संगमरवर’ असे लिहायला विक्रेता कां-कूं करू लागला तर नखाची परीक्षा पुन्हा एकदा करण्यास हरकत नाही.

एखादी थाळी ‘मोगलकालीन’ म्हणून कानात कुजबुजून दाखवली जाते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही. त्यामुळे परदेशस्थ मराठी कुटुंबांनी अशा वस्तूच्या वाटेस जाऊ नये. ती खरी असेल तर विमानतळावर अडकेल, आणि खोटी असेल, जी बहुधा असतेच, तर पैसे वाया जातील.

घरी आणलेल्या पच्चीकारीचा मोठा शत्रू म्हणजे आम्ल. संगमरवर हे कॅल्शियम कार्बोनेट असल्याने लिंबू, चिंच, आमसूल, शिरका यांपैकी कशाचाही थेंब झिलई खाऊन टाकतो आणि तिथे निस्तेज डाग कायमचा राहतो. हळदीचा रंग दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत उतरतो. म्हणून ताटासारखी दिसणारी थाळी जेवणाच्या मेजावर वापरू नये, सोलकढीच्या वाटीखाली तर मुळीच ठेवू नये. पुसण्यासाठी ओलसर मऊ फडके पुरते आणि साबणाची गरज पडलीच तर तो आम्ल किंवा खरखरीत पूड नसलेला असावा. कडक उन्हात किंवा गरम भांड्याखाली गोंद सैल होऊन एखादी पाकळी उचलली जाऊ शकते. तसे झाल्यास निघालेला तुकडा कितीही किरकोळ वाटला तरी डबीत जपून ठेवावा, कारण ते घर त्याच तुकड्याचे आहे. तो असला तर घरातील जुना गोंद खरवडून, नवा लावून, वरून हलका दाब देऊन काम होते, आणि तो हरवला तर नवी पाकळी घासून त्या घरात बसवण्यासाठी थाळीला पुन्हा पच्चीकाराच्या चाकापर्यंतचा प्रवास करावा लागतो.